बक्षिसाचे जेवण नेमके कोणासाठी? – चर्चा

मूळ लेखन: मनुष्यबळ विभागात, भोसरी

मी भोसरीच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. दर महिन्याला ज्या लाईनचे उत्पादन आणि दर्जा सर्वांत चांगला, त्या लाईनला कंपनीच्या खर्चाने बाहेर जेवायला न्यायचे, अशी पद्धत आमच्याकडे गेली काही वर्षे चालू आहे आणि ती सुरू करण्यात माझाही हात होता. मागच्या महिन्यात पॅकिंगच्या लाईनचा नंबर लागला. लाईनवर चोवीस माणसे आहेत. त्यांपैकी वीस जण गाडीत बसून महामार्गावरच्या हॉटेलात गेले आणि चार कंत्राटी हेल्पर मागे राहिले, कारण त्यांची हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते, आमच्या नाही. जे गेले त्यांच्यातल्या दोघांची एकादशी होती. एका मुस्लिम सहकाऱ्याने मटण हलाल आहे का असे वेटरला विचारले, नीट उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने पापड, कांदा आणि भातावर भागवले. साखरेचा त्रास असलेल्या आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरसमोर गुलाबजामची वाटी तशीच पडून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चार हेल्परांपैकी एकाने खोक्यांना पट्टी मारता मारता मला विचारले, “मॅडम, जेवण चांगलं होतं का?” त्याच्या विचारण्यात तक्रारीचा सूर नव्हता, तरीही मला त्याच्याकडे पाहून उत्तर देता आले नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की हॉटेलची ही सहल बंद करावी आणि बक्षिसाचे जेवण कारखान्यातच, त्या लाईनच्या पसंतीने शिजवावे. आमच्याकडे जळगावची माणसे आहेत, त्यांना कळण्याची भाकरी आणि भरीत करून हवे. विदर्भातले रोडगे आणि वांग्याची भाजी मागतील. बिहारमधले लिट्टी-चोखा सांगतील. ज्याच्या घरचा पदार्थ असेल त्याने कँटीनच्या आचाऱ्याला तो समजावून सांगावा आणि त्या वेळेपुरती त्याला कामातून भरपगारी मोकळीक द्यावी. उपवास, पथ्य आणि न चालणारे पदार्थ आठवडाभर आधी विचारून घ्यावेत. आणि लाईनवर उभा राहणारा प्रत्येक जण, त्याची हजेरी कोणाच्याही वहीत असो, त्या पंगतीला असावा. यात काय चुकते आहे, ते मला स्पष्टपणे सांगावे.

उत्तर १: हिशेबनीस

आपला हेतू चांगला आहे, पण माझा अनुभव वेगळा सांगतो. मी लेखाविभागात आहे आणि अशा जेवणांची बिले माझ्याच टेबलावर येतात. माणशी साडेचारशे रुपये धरले तरी वीस जणांचे नऊ हजार रुपये झाले. तेच नऊ हजार चोवीस जणांत वाटले असते तर प्रत्येकाच्या हातात पावणेचारशे रुपये पडले असते, आणि तेवढ्या पैशांत आमच्या बहुतेक कामगारांच्या घरी चार माणसांचे रविवारचे मटण होते. ज्याची एकादशी आहे तो द्वादशीला जेवेल, ज्याला हलाल हवे तो आपल्या ओळखीच्या दुकानातून आणेल, ज्याला साखर चालत नाही तो मुलांसाठी फळे नेईल. एवढी सर्वसमावेशक सोय कोणताही आचारी करू शकणार नाही.

आयकराच्या १९६२ च्या नियमांत मालकाने दिलेल्या जेवणावर किंवा कूपनवर प्रत्येक जेवणामागे ५० रुपयांपर्यंत सूट होती आणि रोख रकमेला ती नव्हती, हे खरे आहे. पण ज्यांचे उत्पन्न करपात्र होतच नाही अशा हेल्परच्या बाबतीत त्या सुटीचा उपयोग शून्य आहे. रोख द्यावी आणि त्यांच्या घरात काय शिजावे हे त्यांच्यावर सोडावे.

उत्तर २: कामगार संघटनेत वीस वर्षे, चाकण

मला रोख आणि पंगत या दोन्हींबद्दल एकच आक्षेप आहे. रोजचे जेवण जिथे धड नाही, तिथे महिन्यातून एकदा एका लाईनला मेजवानी देणे म्हणजे हक्काची वस्तू बक्षीस म्हणून दाखवणे होय. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने शंभर किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथे ठेकेदारावर ती जबाबदारी टाकली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर शंभर कामगारांचा आकडा धरला आहे आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. म्हणजे ज्या चौघांना आपण गाडीत बसवले नाही, त्यांना जेवणाच्या सोयीसाठी मोजलेच पाहिजे, असे कायदाच म्हणतो आहे.

आमच्या कारखान्यात करारात कँटीनचा मुद्दा तीन वेळा आला. प्रत्येक वेळी व्यवस्थापनाने दर कमी असलेला ठेकेदार आणला. डाळीत डाळ शोधावी लागते, पोळी सकाळी नऊला लाटून दुपारी एकला वाढतात आणि ती हाताने तुटत नाही. कामगार डब्यातली चटणी तिला लावून कशीबशी संपवतो आणि मग भिंतीवर पाहतो तर “या महिन्याची उत्कृष्ट लाईन” असा मेजवानीचा फोटो लावलेला असतो. बक्षिसाचे नऊ हजार रुपये रोजच्या डाळीत घाला. मग आपल्या पंगतीला मी स्वतः वाढायला येईन.

मूळ लेखिकेचे उत्तर

हिशेबनीसांना मला असे सांगायचे आहे की पावणेचारशे रुपये पगारपत्रकात एका ओळीत येतात आणि त्याच ओळीत जातात. पुढच्या महिन्यात ते कशासाठी मिळाले हे कोणाला आठवत नाही. एकत्र बसून जेवण्याला आपल्याकडे जो अर्थ आहे, तो त्या ओळीला येत नाही. कोल्हापुरात त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घेत असत. त्यांना ती कपभर चहाची किंमत गंगारामांना पाठवून देता आली असती, पण तिथे जाऊन सर्वांसमोर पिण्यातच सगळे होते. सुपरवायझर आणि ठेकेदाराचा हेल्पर एका बाकावर बसून एकाच भांड्यातले खातात, तेव्हा लाईनवर उरलेल्या पंचवीस दिवसांत एकमेकांना हाक मारण्याची पद्धत बदलते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चाकणच्या मित्रांचा मुद्दा मात्र माझ्याकडून खोडला जात नाही. रोजच्या जेवणाबद्दल मी माझ्या लेखनात एक अक्षरही लिहिले नाही, ही त्रुटी मला मान्य आहे.

उत्तर ३: लघुउद्योजक, सातपूर

माझ्याकडे अडतीस माणसे आहेत. कँटीन ठेवणे मला झेपत नाही आणि कायद्यानेही ते माझ्यावर बंधनकारक नाही, पण सगळे जण घरून डबा आणतात आणि दुपारी झाडाखाली एकत्र उघडतात. कामाची ऑर्डर वेळेत गेली की मी जवळच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना जेवण सांगतो: ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, एक पातळ भाजी, ताक. गिरणगावात एकेकाळी कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचे जेवून पाळीवर जात होते. त्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. कामगाराचे जेवण आणि ते रांधणाऱ्या बाईची कमाई या दोन गोष्टी आपल्याकडे जोडलेल्याच होत्या. हॉटेलच्या बिलाऐवजी तो पैसा तिकडे गेला तर बक्षीस दोन घरांत पोहोचते.

फक्त एक सूचना करतो. प्रत्येकाला काय चालते याची यादी करण्याच्या फंदात पडू नये. सर्व जेवण शाकाहारी ठेवावे म्हणजे कोणालाच अडचण येत नाही आणि सगळे एका पंगतीत बसतात.

उत्तर ४: मूळची मालवणची, नोकरी ठाण्यात

सातपूरच्या उद्योजकांच्या बचत गटाच्या कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे, शेवटच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. “शाकाहारी ठेवले की सर्वांचे झाले” असे म्हणणाऱ्याला स्वतःचे ताट नेहमीचेच मिळते आणि बाकीच्यांनी आपले घरी ठेवून यायचे असते. बांगड्याचे तिखले हे माझ्या घरचे सणाचे अन्न आहे. मी कार्यालयात ते एकदाच डब्यात नेले होते. तेव्हा खिडक्या उघडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी डबा कुठे उघडावा याबद्दल सूचनाफलकावर कागद लागला. त्यानंतर अकरा वर्षे मी बटाट्याची भाजी नेते आहे. बक्षीस म्हणून मला पुन्हा बटाट्याचीच भाजी मिळणार असेल, तर तो माझा गौरव कसा ठरेल?

२०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात काही टेबले फक्त शाकाहारींसाठी ठेवण्यावरून वाद झाला आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंडही झाला. इतक्या शिकल्या-सवरलेल्या जागेत हे होते, तर कारखान्यात काय होईल? माझे म्हणणे एवढेच आहे की भांडी, डाव आणि शिजवण्याची जागा वेगळी असावी, कारण न खाणाऱ्याची श्रद्धाही तेवढीच खरी आहे. पण बसण्याचे बाक एकच असावे. मूळ लेखिकेने लिट्टी-चोखा आणि भरीत लिहिले, त्यांच्या यादीत एकही मासा नाही, अंडे नाही, मटण नाही. ते मुद्दाम गाळले असे मी म्हणत नाही, पण मला ते पहिल्या वाचनातच दिसले.

उत्तर ५: लघुउद्योजक, सातपूर

ताई, सूचनाफलकावरच्या कागदाचे वाचून वाईट वाटले. माझ्याकडे दोन कामगार जैन आहेत, ते कांदा-लसूणही खात नाहीत आणि चातुर्मासात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यांच्यासमोर मासळी वाढली तर ते उठून जातील आणि बोलून दाखवणार नाहीत. मला त्यांचे उठून जाणेही नको आहे. वेगळी भांडी आणि एकच बाक ही आपली वाटणी मी त्यांच्याशी बोलून पाहतो. त्यांनी नकार दिला तर मी शाकाहारावरच थांबेन, हे आताच सांगतो.

उत्तर ६: रात्रपाळी, प्रयोगशाळा सहायक

आपण सर्व जण दुपारच्या एक वाजताच्या जेवणाबद्दल बोलत आहात. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करते. आमच्या विभागाचा सत्कार झाला, तेव्हा जेवण दुपारी होते. सकाळी आठला सुटलेली माणसे एकला परत कशी येणार? आमच्यासाठी ताटे झाकून ठेवली होती. रात्री दहाला आम्ही आलो, तेव्हा पुरीचा चामडा झाला होता आणि श्रीखंड आंबले होते.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. त्या दुपारी जेवण झाल्यावर खरकटी पाने उचलली, बाक पुसले, भांडी घासली ती हाऊसकीपिंगच्या दोन बायकांनी, आणि त्यांचे जेवण होईपर्यंत दुपारचे साडेतीन वाजले. सत्कार ज्या विभागाचा होता, त्या विभागाची फरशी त्याच रोज पुसतात. बक्षिसाच्या दिवशी सर्वांत उशिरा कोण जेवले, हे प्रत्येक आयोजकाने पाहावे.

अन्नापेक्षाही मला वेळ हवा आहे. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, असे कारखान्यांच्या कायद्यात होते; त्या अर्ध्या तासात हात धुण्याची रांग, टोकनची रांग आणि परत जागेवर पोहोचणे हे सगळे बसवायचे असते, त्यामुळे घास चावायला दहा मिनिटे उरतात. उत्कृष्ट लाईनला महिनाभर पाऊण तासाची सुटी भरपगारी द्या. ती एकादशीलाही चालते, रमजानमध्येही चालते, आणि साखरेच्या रुग्णाला तर तिची औषधासारखी गरज आहे.

मूळ लेखिकेचे उत्तर

यादीत मासा नाही हे मालवणच्या ताईंनी दाखवले नसते तर माझ्या लक्षात आले नसते. मी माझ्या स्वयंपाकघरातून विचार करत होते. आज व्यवस्थापकांकडे मी सुधारलेले टिपण दिले. त्यात पंगत तीन पाळ्यांत, प्रत्येक पाळीच्या जेवणाच्या वेळी ताजी शिजवलेली, असे लिहिले आहे. वाढणे आणि आवरणे हे सुपरवायझर व आम्ही कार्यालयातले लोक करणार. हाऊसकीपिंगच्या बायका पहिल्या पंगतीत बसणार. भांडी वेगळी, बाक एक. पाऊण तासाची मागणीही घातली आहे. ती मंजूर होण्याची शक्यता मला कमी वाटते, कारण लाईन पंधरा मिनिटे जास्त थांबण्याचा हिशेब लगेच विचारला गेला. ठेकेदाराच्या वहीतल्या चौघांची नावे मी टिपणात हाताने लिहिली आहेत.

उत्तर ७: कामगार संघटनेत वीस वर्षे, चाकण

टिपण चांगले आहे. रोजच्या डाळीबद्दल त्यात अजूनही काही नाही, म्हणून माझा विरोध कायम आहे. कँटीन समितीची बैठक तुमच्याकडे होत असेल तर त्या चौघांपैकी एकाला तिथे बसवा आणि त्याच्यासमोर त्या दिवशीचे रोजचेच ताट ठेवा. व्यवस्थापकांनीही तेच खावे. मग पंगतीचा ठराव कोणत्या क्रमांकावर घ्यायचा ते ठरवा.