सिरपच्या लेबलवर नुसतं 'क्यू. एस.' असेल, तर कुत्र्या-मांजराला द्यायचं की नाही?

फार्मा_मिरज

व्हेटच्या चिठ्ठीवर माणसांची, बहुतेक वेळा लहान मुलांचीच, पातळ औषधं येतात. मूळ औषध आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली असते. माझा प्रश्न बाटलीतल्या बाकीच्या द्रवाचा आहे. समोरच्या बाटलीवर एवढंच छापलंय : 'प्रत्येक ५ मिलीमध्ये मेट्रोनिडाझोल बेन्झोएट आयपी, मेट्रोनिडाझोल २०० मिग्रॅ एवढे. फ्लेवर्ड सिरप बेस क्यू. एस. रंग : सनसेट यलो एफसीएफ.' 'क्यू. एस.' म्हणजे 'पुरेल इतकं'. म्हणजे रंगाचं नाव कळलं, पण बेसमध्ये काय आहे ते नाही.

दोन चिठ्ठ्या आहेत.

१) मांजर, ४ किलो. वरचं सस्पेन्शन दीड मिली, दिवसातून दोनदा, ५ दिवस. मांजरांना बेन्झोएट चालत नाही असं वाचलंय. मग हे कसं?

२) कुत्रा, ८ किलो. गॅबापेंटिन ८० मिग्रॅ, दोनदा. मालकांकडे अमेरिकेहून आलेली न्यूरॉन्टिनची बाटली आहे, ५० मिग्रॅ प्रति मिली. तीच वापरू का, असं विचारताहेत.

पशुवैद्य_सातारा

आधी दुसरी चिठ्ठी, कारण ती घाईची आहे. ती बाटली कुत्र्याला देऊ नका, आजचा डोसही नको.

त्या द्रवात गोडीसाठी झायलिटॉल आहे, मिलीमागे सुमारे ३०० मिग्रॅ. ८० मिग्रॅ गॅबापेंटिनला १.६ मिली लागतात, म्हणजे एका डोसमागे ४८० मिग्रॅ झायलिटॉल. ८ किलोच्या कुत्र्यात ते किलोमागे ६० मिग्रॅ झालं. कुत्र्याची रक्तशर्करा घसरायला किलोमागे साधारण १०० मिग्रॅ पुरतात आणि ५०० च्या आसपास यकृत निकामी व्हायची भीती असते. 'मग ६० म्हणजे सुरक्षितच की' असं कुणी म्हणेल, पण गॅबापेंटिनची मात्रा दुखण्यानुसार दुप्पट करावी लागते. दुप्पट केली की त्याच बाटलीतून किलोमागे १२० मिग्रॅ जातं. मात्रा वाढवणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बाटली नसते, त्यांनी फक्त मिलिग्रॅम लिहिलेले असतात. अपघात होतो तो इथेच.

माणसाच्या स्वादुपिंडाला झायलिटॉलचं फारसं काही वाटत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून एकदम इन्सुलिन सोडतं. अर्ध्या-एक तासात उलटी, मलूलपणा, पाय लटपटणं, मग झटके. गंमत नाही, जीव जातो. यकृताचा त्रास एक-दोन दिवसांनी उघड होतो, म्हणून 'आता बरा दिसतोय' यावर विसंबू नये.

बाटली चुकून दिली गेलीच असेल तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. मिठाने रक्तातलं सोडियम चढून वेगळंच संकट उभं राहतं. कोळशाची पूडही इथे उपयोगाची नाही, झायलिटॉल तिला चिकटत नाही. कुत्रा मलूल झाला असेल तर हिरड्यांना बोटाने मध किंवा साखरेचा पाक चोळत थेट दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या.

पर्याय : आपल्याकडे १०० मिग्रॅची कॅप्सूल मिळते. ८० ऐवजी १०० म्हणजे किलोमागे साडेबारा मिग्रॅ, नेहमीच्या मात्रेतच बसतं. तरी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करून होकार घ्या. पूड कडू असते, थोड्या उकडलेल्या चिकनमध्ये किंवा अंड्यात दडवावी लागते. आणि गॅबापेंटिन फिट्ससाठी चालू असेल तर बाटली बंद करताना औषधात खंड पडू देऊ नका, कॅप्सूल आजच मिळवा.

सिरप_केमिस्ट

बेसमध्ये काय असतं ते सांगतो. साध्या सिरपमध्ये साखर हाच मुख्य भाग, वजनाने जवळपास दोन-तृतीयांश. ती कुत्र्या-मांजराला विषारी नाही; मधुमेही जनावर असेल तरच तिचा हिशोब. बाटलीवर 'शुगर फ्री' दिसलं की मात्र थांबायचं. साखर काढली की दुसरं काहीतरी गोड घालावंच लागतं : सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, सुक्रालोज, नाहीतर झायलिटॉल. कुत्र्यात पहिल्या तिघांनी साखर कोसळत नाही. सॉर्बिटॉल आतड्यात पाणी ओढून घेतं, त्यामुळे जास्त झालं तर पातळ शी होते. जुलाबासाठी दिलेल्या औषधानेच जुलाब वाढले, तर सॉर्बिटॉलचा संशय घ्यावा.

यांच्यासोबत असतात औषध विरघळवणारे प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कधी अल्कोहोल; आणि बुरशी धरू नये म्हणून सोडियम बेन्झोएट किंवा पॅराबेन.

आपल्या नियमांप्रमाणे रंगाचं नाव छापावं लागतं आणि अल्कोहोल ३ टक्के किंवा अधिक असेल तर टक्केवारीही. बाकीचं 'क्यू. एस.' म्हणजे 'पुरेल इतकं' या दोन अक्षरांत मावतं. म्हणून कंपनीला ईमेल करा, आणि प्रश्न नेमका विचारा. 'जनावरांना चालेल का?' असं विचारलंत तर 'चालत नाही' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी ब्रँड, स्ट्रेंग्थ आणि बॅच नंबर लिहून विचारा : या बॅचमध्ये झायलिटॉल आहे का, असल्यास मिलीमागे किती? प्रोपिलिन ग्लायकॉल, अल्कोहोल आणि बेन्झोएट मिलीमागे किती? आकडा आला की वजनाने भागून पाहता येतं. त्याच ब्रँडचं परदेशी पत्रक नेटवर सापडलं तरी त्यावर विसंबू नका, नाव एकच असलं तरी देशागणिक बेस बदलू शकतो.

एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. गोळ्या कुटून घरी सस्पेन्शन करणारे खूप आहेत आणि त्यासाठी सुटं ग्लिसरीन आणलं जातं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले ते ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल असल्यामुळे. ते मूत्रपिंडं निकामी करतं, माणसाची आणि जनावराचीही. डोळ्यांनी किंवा चवीने फरक कळत नाही. औषधात घालायचं ग्लिसरीन 'आयपी' (भारतीय औषधकोशाच्या दर्जाचं) छाप असलेलं, सीलबंद आणि बिलावर बॅच नंबर असलेलंच हवं.

मांजरांचा_दवाखाना

आता पहिली चिठ्ठी. मांजराचं यकृत बेन्झोइक अॅसिड फार हळू बाहेर टाकतं, हे खरं. पण आकडा मांडून पाहा.

दीड मिलीत ६० मिग्रॅ मेट्रोनिडाझोल, दोनदा म्हणजे दिवसाला १२०. ४ किलोच्या मांजरात किलोमागे ३०. बेन्झोएट रूपात त्याचं वजन सुमारे ४८ मिग्रॅ होतं आणि त्यातून बेन्झोइक अॅसिड सुटतं साधारण २१ मिग्रॅ. वर प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून मिलीमागे २ मिग्रॅ सोडियम बेन्झोएट धरलं तर आणखी एक-दीड. एकूण २३ च्या आत. मांजरात रोज किलोमागे २०० मिग्रॅ पोटात जात राहिलं की त्रास सुरू होतो. म्हणजे आपण त्याच्या जेमतेम एक-अष्टमांशावर आहोत, तेही ५ दिवसांसाठी. देता येईल. यकृताचा आजार असलेलं मांजर किंवा दूध पिणारं पिल्लू असेल तर हा हिशोब लागू नाही. तिथे डॉक्टरांना विचारून औषध बदला.

बेन्झोएटचा एक फायदाही आहे. साधं मेट्रोनिडाझोल इतकं कडू असतं की मांजर तोंडातून फेस काढतं. त्या फेसाला विषबाधा समजून लोक धावत येतात. औषध देताच आलेला आणि पाच-दहा मिनिटांत थांबलेला फेस चवीचा. तासाभराने लाळ, थरथर, अडखळणं दिसलं तर मात्र लगेच आणा.

मला बेन्झोएटपेक्षा प्रोपिलिन ग्लायकॉलची जास्त काळजी वाटते. त्याने मांजराच्या तांबड्या पेशींत हाइन्झ बॉडीज (बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या बारीक गुठळ्या) तयार होतात आणि पेशी लवकर मरतात. अमेरिकेच्या एफडीएने १९९६ साली मांजरांच्या खाद्यात ते बंद केलं. एखाद-दुसऱ्या डोसने काही होत नाही. महिनोन्महिने चालणाऱ्या औषधात ते नको. खोकल्याच्या सिरपमधलं मेंथॉलही मांजराला नको.

मोजण्याबद्दल : दीड मिलीसाठी चमचा नको, बिनसुईची २ मिलीची सिरिंज घ्या. मात्रा एक मिलीच्या आत असेल तर लोक घरातली इन्सुलिनची सिरिंज घेतात. आपल्याकडच्या यू-४० सिरिंजवर ४० युनिट म्हणजे १ मिली. 'अर्धा मिली' म्हणून ५ चा आकडा गाठला तर औषध पाव हिश्शानेच जातं. तिथे २० ची रेघ हवी. सस्पेन्शन आधी नीट हलवा, नाहीतर शेवटच्या डोसात सगळं घट्ट औषध जाईल. सिरिंजचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून गालात सरकवा, डोकं वर न उचलता अर्धा-अर्धा मिली सोडा.

बेसच्या भीतीने डॉक्सीसायक्लिनची गोळी कोरडी मात्र देऊ नका. ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते आणि नळी आक्रसते. गोळीमागोमाग ५-६ मिली पाणी सिरिंजने हळूहळू पाजा, किंवा लगेच खायला द्या.

फार्मा_मिरज

धन्यवाद. गॅबापेंटिनची बाटली वापरू नका असा फोन केला, कॅप्सूलचं डॉक्टरांशी बोलणं झालंय. अजून एक : भूक लागावी म्हणून कुत्र्याला द्राक्षासव, दशमूलारिष्ट देणारे बरेच आहेत. 'आयुर्वेदिकच आहे' म्हणतात.

पशुवैद्य_सातारा

लेबल वाचून दाखवा त्यांना. आसव-अरिष्टांत आंबवताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि त्याची टक्केवारी छापलेली असते. ८ टक्के असेल तर १५ मिलीत जवळपास एक ग्रॅम अल्कोहोल. ३ किलोच्या पॉमेरेनियनला ते पुष्कळ झालं. द्राक्षासव तर द्राक्षांचंच, आणि द्राक्षं-मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडवतात. भूक का गेली ते तपासायला आणायला सांगा, दोन दिवस काही खाल्लं नसेल तर आजच.