विषय: रि: रि: येलची सहल, गेंडा आणि शनिवार

सचिव:
मंडळी, गेंड्याचं जुनं चित्र बघायला मिळेल का, याचं उत्तर आलं. दिसेल, पण शनिवारी नाही. येल विद्यापीठाच्या ब्रिटिश आर्ट सेंटरची स्टडी रूम फक्त कामाच्या दिवशी, तीही आधी वेळ ठरवून. टेबलाभोवती मावतील तेवढेच. आपण चौतीस आहोत. रजा काढून कोण येतंय ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. शनिवारचं बाकी सगळं तसंच: सकाळी सेंटर, मग समोरची आर्ट गॅलरी, जेवण, मुलांना घेऊन पीबडी संग्रहालय. तिकीट कुठेच नाही. मागच्या वेळेसारखं पार्किंगवरून सुरू करू नका, प्लीज.

आप्पा:
मग जायचं कशाला? ही सहल निघाली कशावरून ते आठवा. मुलं पीबडीतले डायनासोर दहादा बघून आली आहेत. ज्यांनी माझे आधीचे मेल वाचले नाहीत (म्हणजे जवळजवळ सगळेच) त्यांच्यासाठी पुन्हा: गंगाराम चिंतामण तांबट, पुण्याचा चित्रकार, इंग्रजांचा पुण्यातला वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्या पदरी होता. १७९० च्या नोव्हेंबरात त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. वेरूळची लेणीही काढली. ते कागद आपल्यापासून पंचवीस मिनिटांवर आहेत आणि आपण सेल्फी काढणार इंग्रज चित्रकार टर्नरच्या जहाजांसमोर! एवढी मोठी इमारत आहे, एक गेंडा भिंतीवर लावायला काय होतं?

माई:
काय होतं ते मी सांगते. जलरंगाला उजेड सोसत नाही, म्हणून असे कागद पेटीत ठेवतात आणि थोडे थोडे दिवसच बाहेर काढतात. वाईच्या घरी आमच्या आजीचा हाताने रंगवलेला फोटो होता, माजघरात, नेमका खिडकीसमोर. शालू डाळिंबी होता म्हणे. मला आठवतो तो चहा सांडल्यासारखा. नथीवरचा लाल ठिपका तेवढा राहिला होता, कारण तिथे चौकटीची सावली पडायची. तेव्हा आप्पा, गेंडा पेटीत आहे तो बराच आहे.
रजा मला मिळणार नाही. माझा शनिवार पक्का.

अण्णा (मिलफर्ड):
गेंड्यावरून आठवलं. आम्ही सदाशिव पेठेतले, दर रविवारी पेशवे पार्क. फुलराणीच्या छोट्या आगगाडीत बसायला रांग, आणि बाबा म्हणायचे, एकच फेरी. वाघाच्या पिंजऱ्याचा वास अजून नाकात आहे. पुढे जनावरं कात्रजला गेली. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.
बाकी सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं मोठं तैलचित्रही येललाच आहे ना? मी पाहिल्यासारखं वाटतंय.

आप्पा:
नाही. ते लंडनला, रॉयल एशियाटिक सोसायटीत. चित्रकार जेम्स वेल्स. तुम्ही पाहिलं असेल ते पुस्तकात. वेल्सने पुण्यात काम केलं आणि १७९५ मध्ये तो तिकडे भारतातच वारला. त्याच्या मुलीशी पुढे मॅलेटचं लग्न झालं. म्हणजे वेल्सचे कागद मॅलेटच्या घरातच राहिले.

अण्णा:
पुस्तकात नाही. बघतो.

खजिनदार:
बसचे पैसे भरले आहेत, परत मिळणार नाहीत. शनिवार रद्द करायचा विषयच नको. जेवणाचं ठरवा. वूस्टर स्ट्रीटला पिझ्झ्यासाठी शनिवारी रांग असते, चौतीस जण फुटपाथवर उभे राहणार का? आणि तिथे साध्या पिझ्झ्यावर मोझरेला नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. गेल्या वेळी पोरांनी "चीज कुठंय" करून डोकं उठवलं होतं. मी तर म्हणतो पुऱ्या आणि बटाट्याची भाजी.

माई:
पुऱ्या गार होतात. धपाटे.

सचिव:
एक गोष्ट स्पष्ट करते. स्टडी रूमला आज दोन मेल गेले. एक माझा. दुसरा "मंडळातर्फे" असं लिहून आप्पांनी परस्पर पाठवलेला, आणि त्यात बारा जण येतील म्हटलंय. तिकडून विचारणा आली आहे की यातलं खरं कोणतं. मंडळाच्या नावाने एकच पत्र जातं, हे चार वर्षांपूर्वी गणपतीच्या हॉलवरून ठरलं होतं.

आप्पा:
गणपतीच्या हॉलचं मी काढलं नव्हतं. तुम्ही काढलंत. बारा हा अंदाज होता.

खजिनदारांचे चिरंजीव:
मी आर्किटेक्चर शिकतो म्हणून मध्ये बोलतो. शनिवार वाया जाणार नाही. या दोन्ही इमारती लुई काहनच्या. १९५३ ची गॅलरी हे त्याचं पहिलं मोठं काम, आणि रस्त्यापलीकडचं सेंटर शेवटच्यांपैकी, उघडलं १९७७ मध्ये. ते त्याने पाहिलंच नाही. १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर तो गेला. गॅलरीत वर बघा, काँक्रीटच्या छतात त्रिकोणच त्रिकोण आहेत. सेंटरमध्ये उजेड छतातून गाळून येतो, ढग आला की भिंतीवर कळतं.
आणि गेंडा सेंटरच्या संकेतस्थळावर आहे. कोजागरीला दूध आटेपर्यंत प्रोजेक्टरवर दाखवू.

आप्पा:
प्रोजेक्टरवर गेंडा पडद्याएवढा दिसेल. तांबटाने तो मांडीवर मावेल एवढ्या कागदावर काढला. मला तो तेवढाच बघायचाय.
मंगळवारी मी जातो. एकटा.

अण्णा (मिलफर्ड):
एकटे कशाला, मीही आहे. रिटायर होऊन काय करतोय? गाडी माझी, पार्किंग तुमचं.

माई:
आप्पा, तिथे पेन चालणार नाही, शिसपेन्सिल न्या. टोक करून न्या. आणि धपाट्यांना दही कोण आणतंय?