लँडसीअरचं हरीण आणि मागची रिकामी दरी

पानगळ: लँडसीअर या इंग्रज चित्रकाराच्या ‘मोनार्क ऑफ द ग्लेन’ या हरणाच्या चित्रावर परवा इथे कुणीतरी लिहिलं, ‘माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग, यात राजकारण शोधू नका.’ राहवलं नाही म्हणून लिहिते. चित्र १८५१चं. त्याआधीची कित्येक दशकं स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधून कुळांना हुसकावून मेंढ्या आणल्या जात होत्या. तिथल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ आणि १८१९ साली घरं पेटवली. नंतर शिकारीसाठी रानं राखली. हरणामागे धुकं आहे, डोंगर आहेत, माणूस नाही. कुठे गेला, एवढंही विचारायचं नाही?

भटक्या: अहो, डोंगरमाथ्यावर झोपडी कोण बांधेल? लँडसीअर १८२४ पासून तिकडे जात होता, स्वतः शिकारही करायचा. जीव लावून काढलंय. दिसलं सुंदर की कर पंचनामा, ही आजकालची खोडच आहे. शिंगांना बारा टोकं, म्हणजे बारा वर्षांचा ऐन भरातला नर. बघा आणि खूश व्हा!

दातओठ: बारा टोकं म्हणजे बारा वर्षं? हे कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं? ही शिंगं दर वसंतात गळतात, उन्हाळ्यात नवी येतात. टोकं किती, ते वयाइतकंच चाऱ्यावर आणि अंगपिंडावर. म्हातारपणी कमीसुद्धा होतात. वय बघायचं तर दात किती झिजलेत ते बघतात.

भटक्या: तिकडे हायलँड्समध्ये, इन्व्हर्नेसजवळ भावाकडे राहिलोय मी. तिथल्या शिकाऱ्याने सांगितलंय. पुस्तकी किड्यांनी शिकवू नये.

दातओठ: पाहुण्यांना शिकारी काय वाट्टेल ते सांगतात. मी तिथेच राहते, परसात लावलेली रोपं हिवाळ्यात हरणं फस्त करतात. लांडगे कधीच मारून संपवले, मालकांनी शिकारीपायी हरणं वाढू दिली, आता कुंपण घातल्याशिवाय झाड वर येत नाही. तुमचा ‘अस्पर्श निसर्ग’ तो हाच!

पानगळ: शिंगांवरून खाली उतरता का दोघं? चित्र काढलं होतं ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या उपाहारगृहासाठी. खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, १५० पौंड मंजूर केले नाहीत, म्हणून बाहेर विकलं गेलं. लॉर्ड्समध्ये कोण बसायचे? जमीनदारच ना?

मधुमालती: आणि तेच २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनाने ४० लाख पौंड मोजून घेतलं. तेही दारूच्या कंपनीकडून. चालू द्या.

भटक्या: बरं बाई, उपाहारगृहाचं मान्य. साहेबांना जेवताना हरीण बघायचं होतं. म्हणून चित्र वाईट?

पानगळ: वाईट कुणी म्हटलं? वर जाऊन नीट वाचा.

दातओठ: आणि वयाचं काय ठरलं?

भटक्या: तोंड मिटलंय त्याचं. दात तुम्हीच उघडून मोजा.