मदत हवी आहे: ३३ची एक रेकॉर्ड की ४५च्या दोन?

मंडळी, नुकतेच रेकॉर्डवर अल्बम घेतलेल्यांचा अनुभव हवाय. जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा 'काइंड ऑफ ब्लू' घ्यायचा विचार आहे. त्याच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रणावेळी मूळ टेपयंत्र किंचित संथ चालल्यामुळे वर्षानुवर्षं जरा चढ्या स्वरात छापल्या गेल्या. १९९२च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. मला दुरुस्त केलेलीच हवी. जुन्या प्रतीवर जीव टाकणाऱ्यांनी रागावू नये!

अडलंय ते पुढे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एक रेकॉर्ड घ्यावी की ४५ फेऱ्यांच्या दोन? सुई मध्याकडे जाते तसा तिच्याखालून खाच सरकण्याचा वेग कमी होत जातो आणि बाजू संपता संपता वरचे स्वर फाटायला लागतात. ट्रम्पेट असेल तर फारच जाणवतं. ४५वर हा त्रास कमी, हे तत्त्वतः पटतं. पण मग एका बाजूत कमी संगीत मावतं, म्हणून जरा रंग चढतोय तोच उठून बाजू उलटायची.

दोन्ही प्रकार ऐकलेलं कुणी आहे का? प्लेयर साधाच असेल आणि सुईचं टोक लंबवर्तुळाकार, तर फरक खरंच कानाला कळतो का? की आधी सुईच बदलू?