मुलीच्या आईने 'तक्रार नाही' असं लिहून दिलंय. वर्गशिक्षिका म्हणून मी पोलिसांत जाऊ शकते का?

आठवी_ब

नमस्कार. मी एका अनुदानित शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. गाव, तालुका मुद्दाम लिहीत नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर वर्गातली एक मुलगी वह्या उचलायच्या निमित्ताने मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मला संगणकाचा तास नको." मी कारण विचारलं. बराच वेळ खाली बघत उभी होती, मग सांगितलं. माउस धरायला शिकवतो म्हणून सर मागे उभे राहतात आणि कपड्यांवरून नको तिथे हात लावतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तीनदा झालं.

मी त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यालयात तिच्या आईला बोलावलं. बाई रोजंदारीवर जाते, नवरा नाही. "पोरीचं नाव गावभर होईल" एवढं ऐकल्यावर तिने सही करून दिली. आता सोमवारी संस्थेची समिती मुलीला समोर बसवून विचारणार आहे, आणि तोवर मी गप्प राहायचं.

कपड्यांवरून हात लावणं गुन्हा धरतात का? आईच नको म्हणते तर मला काय अधिकार? आणि उद्या सिद्ध झालं नाही तर माझ्यावर उलटेल का? घरचे म्हणतात, तू कशाला मध्ये पडतेस. दोन रात्री झोप नाही.

पांदण

मॅडम, तुमची तळमळ कळते. पण एका शिक्षकाचं आयुष्य पणाला लागतंय. समितीला आधी खात्री करून घेऊ द्या, मग पोलीस आहेतच. घाई नको.

वर्धाकाठ

मॅडम, सोमवारची ती बैठक होऊ देऊ नका. बाकी सगळं नंतर.

मी २०१५ पासून आमच्या जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या खटल्यांतल्या मुलांसोबत सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे आधाराला सोबत राहणारं माणूस म्हणून, जाते. पांदण, तुम्ही म्हणता ती खात्री कशी होते ते मी पाहिलंय. पाचवीतली मुलगी होती. शाळेने तिला आधी बाईंसमोर, मग मुख्याध्यापकांसमोर, मग पाच पुरुष विश्वस्तांसमोर तेच सांगायला लावलं. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत टिपण केलं. कुठे 'मंगळवार' होता, कुठे 'बुधवार', एका कागदावर तर वर्गखोलीच दुसरी. दोन वर्षांनी उलटतपासात तेच कागद तिच्यापुढे धरले. ती माझा हात धरून उभी होती आणि शेवटी म्हणाली, "मला आता आठवत नाही." आरोपी सुटला. त्या टिपणातली एकही चूक तिची नव्हती.

हे घडू नये म्हणूनच २०१२ च्या या पोक्सो कायद्यात मुलाने कुठे, कोणासमोर बोलायचं ते इतकं बारकाईने लिहिलंय. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा. आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस शेजारी. वैद्यकीय तपासणी मुलीची असेल तर महिला डॉक्टरकडूनच. न्यायालयात वकिलाने थेट मुलाला विचारायचं नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. साक्ष देताना आरोपी नजरेसमोर येऊ नये म्हणून आमच्याकडे पडदा लावतात. या सगळ्यात संस्थेच्या समितीला जागाच नाही.

आता तुमचे प्रश्न. कपड्यांवरून केलेला स्पर्श गुन्हा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेचा त्वचेशी संबंध आला नाही, म्हणून असा स्पर्श पोक्सोत बसत नाही असं म्हटलं होतं. तेव्हा आम्ही सगळे हादरलो होतो. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. स्पर्शामागे लैंगिक हेतू होता का, हे बघायचं. आणि शाळेतल्याच माणसाने शाळेतल्या मुलीशी केलं तर कलम ९ आणि १० लागतं, शिक्षा किमान पाच वर्षं.

तुम्हाला अधिकार काय, असं विचारताय. कायद्याने ती तुमच्यावर जबाबदारी टाकलीय. कलम १९ म्हणतं, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं. आईच्या सहीने ते थांबत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयाने तो काढून टाकला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला. मुख्याध्यापकांना एवढं ऐकवा.

आणि त्या आईवर रागावू नका. संस्थेच्या माणसांसमोर तिने सही केलीय. आज तिच्या घरी जा, एकट्या जा. मुलीचं नाव कुणालाही छापता येत नाही, हे तिला माहीतच नसेल.

काळा_कोट

वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टी जोडतो. भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ आणि ७५ पण लागू शकतील. १ जुलै २०२४ च्या आधी हीच भारतीय दंड संहितेत ३५४ आणि ३५४-अ होती. आणि तुमची भीती: सद्भावनेने माहिती दिली तर दिवाणी-फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही, कलम १९ मध्येच तसं लिहिलंय. खोट्या माहितीचं कलम २२ आहे ते बदनामी करायला, धमकवायला किंवा पैसे उकळायला मुद्दाम खोटं सांगणाऱ्यासाठी. गुन्हा सिद्ध झाला नाही म्हणजे तुम्ही खोटं बोललात असं होत नाही.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. नोंद न घेणाऱ्या पोलिसालाही कलम २१ च लागतं. मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहा, स्वतःचा निष्कर्ष घालू नका.

आठवी_ब

शनिवारी अर्ज दिला. आधी ठाणे अंमलदार म्हणाले, "संस्थेचं पत्र आणा." मी कलम १९ म्हटल्यावर आत बसवलं. रविवारी एक महिला उपनिरीक्षक साध्या साडीत मुलीच्या घरी आल्या. आई चुलीपाशी होती, ती उठून मुलीशेजारी येऊन बसली. दीड तास लागला. सोमवारची बैठक झाली नाही. माझ्याशी शाळेत कोणी बोलत नाही, ते चालेल.

निघताना आईने विचारलं, "मॅडम, कोर्टात तुम्ही येताल ना तिच्यासंगं?" मी हो म्हणून आले.

वर्धाकाठ

मॅडम, तेवढं एक दुरुस्त करा. तिने आधी तुम्हालाच सांगितलं, म्हणजे तुम्ही साक्षीदार. तिची साक्ष चालू असताना तुम्हाला आत बसू देणार नाहीत, आणि ऐन वेळी तुम्ही दिसल्या नाहीत तर ती गडबडेल. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी समितीला, कळवायचं असतं. त्या समितीकडे तिच्यासाठी सपोर्ट पर्सन मागा, म्हणजे आत एक ओळखीचं माणूस असेल. मुलीला आत्ताच सांगून ठेवा, "मी दाराबाहेरच्या बाकावर असेन." आणि त्या दिवशी खरोखर तिथे बसा. पाण्याची बाटली न्या, आमच्याकडे पुकारा व्हायला दुपार होते.