मदत हवी आहे: मृत्युपत्रात आईला तहहयात हक्क कसा लिहावा?

बाबा ७८ वर्षांचे, आई ७२. ठाण्यातला फ्लॅट बाबांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पगारातून घेतला, कर्ज फिटलंय, शेअर सर्टिफिकेटवर फक्त त्यांचं नाव. सोसायटीत नॉमिनी मी आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे माहीत आहे. म्हणूनच मृत्युपत्र करतोय. धाकट्या बहिणीचा अर्धा वाटा कुठेही अडकू नये, ही माझीही तळमळ आहे.

बाबांची इच्छा: त्यांच्या पश्चात आईने शेवटपर्यंत त्याच घरात राहावं, तिला कोणी बाहेर काढू नये आणि तिच्यानंतर घर आम्हा दोघांना निम्मं निम्मं मिळावं.

एका वकिलांनी बक्षीसपत्र सुचवलं. मुलांना राहतं घर देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे, पण मालकी लगेच जाते, ते बाबांना नको. मग कच्चा मसुदा केला. दोन साक्षीदार म्हणून शेजारचे काका-काकू तयार आहेत, त्यांना मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही. बाबांचा हात थरथरतो, तिन्ही पानांवरच्या सह्या वेगवेगळ्या दिसतात. त्यामुळे डॉक्टरांचा दाखला जोडून दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करणार आहोत, ती सक्तीची नसली तरी.

अडलंय ते इथे. दुसरे वकील म्हणाले, हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे आईचा तहहयात हक्क पुढे पूर्ण मालकी ठरू शकतो. हे टाळायला कोणी नेमके कोणते शब्द वापरलेत? की आईला फक्त राहण्याचा हक्क देऊन मालकी थेट आम्हा दोघांच्या नावे लिहिणं जास्त सुरक्षित?