मदत हवी आहे: गल्ला तेवढाच, नफा गायब. डिस्काउंट दुकानांचे भाव कसे ठरवावेत?

आमची सवलतीत माल विकणारी 6 दुकानं आहेत. किराणा आणि घरगुती वस्तू. यंदा विक्री गेल्या वर्षीइतकीच आहे, पण भाडं, वीज, पगार वाढल्यामुळे हातात काही उरत नाही. 2 दुकानं तर सरळ तोट्यात आहेत.

ढोबळ मार्जिन, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरतं ते, 20 टक्के. मध्यंतरी सरसकट 5 टक्के भाव उतरवले. तेव्हा साधं गणित सुचलं नाही, की तेवढाच नफा मिळवायला एक तृतीयांश जास्त नग खपायला हवेत! खप वाढला जेमतेम 10 टक्के. महिन्याभरात ते गुंडाळलं. मग पडून राहणाऱ्या मालाची खरेदी थांबवली, पुरवठादारांकडून उधारी 30 वरून 45 दिवसांवर आणली. थोडा श्वास मिळाला. तरी गोदामात अजून अशी खोकी आहेत, की धूळ पुसल्याशिवाय वरचं नाव वाचता येत नाही.

नवीन कर्ज काढायचं नाही. माणसं आधीच कमी आहेत. ऑनलाइनचा सल्ला कृपया नको, या मार्जिनवर घरपोच परवडत नाही. तोट्यातल्या दुकानांचा भाडेकरार अजून 14 महिने आहे. भाडं सोडलं तर ती आपला खर्च भागवून थोडं उरवतात, म्हणून तूर्त चालू ठेवली आहेत.

गिऱ्हाइकाला ज्यांचे भाव तोंडपाठ असतात तेवढ्याच वस्तू स्वस्त ठेवून बाकीच्यांचे भाव हळूहळू चढवायचा विचार आहे. कुणी केलंय का हे? त्या वस्तू नेमक्या कशा निवडल्या, बिलांच्या डेटावरून की शेजारच्या दुकानांचे भाव बघून?